विषय मोठा, प्रश्न कुठे?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधांच्या कपाटापुढे उभे राहावे आणि रेक्झिनच्या पुठ्ठ्यांवरची सोनेरी अक्षरे वाचत जावे. थोड्याच वेळात त्यांची लय सापडते. ‘मराठी ग्रामीण कादंबरी : एक चिकित्सक अभ्यास’. ‘सहकारी चळवळ आणि ग्रामीण विकास : विशेष संदर्भ अमुक जिल्हा’. ‘दलित आत्मकथनांतील समाजचित्रण’. ‘महिला सक्षमीकरणात बचत गटांचे योगदान : एक अभ्यास’. जिल्हा बदलतो, लेखक बदलतो, कालखंड दहा वर्षांनी पुढे सरकतो. साचा मात्र तोच. घरबसल्या पाहायचे असेल तर शोधगंगेवर ‘विशेष संदर्भ’ एवढेच टाकून बघावे.

या शीर्षकांत चूक अशी काही नाही. पण त्यांत प्रश्नही नाही. कशाबद्दल बोलायचे ते विषय सांगतो. काय ठाऊक नाही ते प्रश्न सांगतो. ‘बचत गटांचे योगदान’ म्हटले की योगदान आहे हे आधीच ठरून गेले. मग गावोगावच्या सभासद बायकांना प्रश्नावली वाटायची, ‘होय’ आणि ‘नाही’ची टक्केवारी काढायची, रंगीत आलेख छापायचे आणि शेवटच्या प्रकरणात योगदान महत्त्वाचे असल्याचे नमूद करायचे. असा प्रबंध लिहून होतो, मान्य होतो, पदवीही मिळते. तो लिहिला गेला नसता तर आपल्याला एक गोष्ट कमी कळली असती, असे मात्र त्याच्याबद्दल कोणाला म्हणता येत नाही.

ही पुस्तिका ज्या टप्प्यासाठी लिहिली आहे तो टप्पा बहुतेकांच्या ओळखीचा असेल. ‘पेट’ ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा पार पडली, प्रवेश मिळाला, कोर्स वर्क चालू आहे. गाईडने सिनॉप्सिसचा पहिला खर्डा चाळला आणि ‘विषय छान आहे, पण जरा नॅरो डाऊन करा’ एवढे सांगून ते पुढच्या तासाला निघून गेले. नॅरो डाऊन म्हणजे नेमके काय करायचे, हे बहुधा कोणी सांगत नाही. विद्यार्थी घरी जाऊन ‘महाराष्ट्र’ खोडून ‘मराठवाडा’ लिहितो, तेवढ्याने भागले नाही तर ‘बीड जिल्हा’ लिहितो आणि पुढे कंसात ‘१९६० ते २०१०’ घालतो. शेताला कुंपण घातले म्हणून नांगरट झाली असे होत नाही. जिल्ह्याची हद्द आणि सालांची जोडी घालून विषय लहान होतो, पण त्यातून कसलीही विचारणा सुरू होत नाही.

विषयाला प्रश्न कसा फुटतो, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत लखलखीत उदाहरण मराठी माणसाचे आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानवशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. विषय केवढा, तर जात! आयुष्य गेले तरी तळ लागू नये असा. आंबेडकरांनी सुरुवात केली ती इतरांच्या व्याख्यांपासून. सेनार, नेसफिल्ड, रिस्ली आणि केतकर यांनी जात कशाला म्हटले आहे ते त्यांनी समोर मांडले. कोणी विटाळाच्या कल्पनेवर बोट ठेवले होते, कोणी परक्याबरोबर न जेवण्यावर. यातली एकेक गोष्ट हातात घेऊन ते विचारतात, हिच्यावाचून जात उभी राहील का? गाळून गाळून शेवटी एकच गोष्ट उरते : गटाबाहेर लग्न न करणे.

दुसरा कोणी असता तर इथेच थांबून ‘अंतर्विवाह : एक चिकित्सक अभ्यास’ लिहायला बसला असता. आंबेडकर आणखी एक पाऊल आत जातात. एखाद्या गटाने आपापसातच लग्ने करायची ठरवली, तर त्या गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष साधारण सारख्या संख्येने राहायला हवेत. पण नवरा-बायको काही एकाच दिवशी मरत नाहीत. नवरा आधी गेला तर एक बाई ‘जास्तीची’ होते, बायको आधी गेली तर एक पुरुष. या जास्तीच्या माणसाने बाहेर लग्न केले तर गट फुटतो; आतच केले तर दुसऱ्या कोणाचा तरी जोडीदार कमी होतो. मग गट त्यांचे काय करतो? प्रश्न इतका उघडावाघडा झाल्यावर उत्तर अंगावर येते. बाईला नवऱ्याबरोबर जाळायचे, नाहीतर जन्मभर विधवा म्हणून ठेवायचे. पुरुषाला असे करणे गटाला परवडत नाही, तेव्हा त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयाला न आलेल्या मुलींतून बायको आणायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींवर एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांनी रान उठवले होते, पण त्या बहुतेकदा सुट्या सुट्या दुष्ट चाली म्हणून. इथे त्या एकाच यंत्रणेचे तीन दाते म्हणून दिसतात. निबंधाच्या उपशीर्षकात ‘यंत्रणा’ या अर्थाचा शब्द आहे आणि तो उगाच आलेला नाही.

हे उत्तर सर्वांना पटले असे नाही, पटायलाच हवे असेही नाही. त्याच्याशी भांडता येते, हीच त्याची मातब्बरी. ‘जातिव्यवस्थेचा भारतीय समाजावर खोल परिणाम झाला’ या वाक्याशी कोण भांडणार?

आंबेडकरांचे अर्थशास्त्रीय लेखनही याच नजरेने पाहण्यासारखे आहे. १९१५ चा त्यांचा एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था असा ऐसपैस विषय घेतो. १९२५ साली पुस्तकरूपाने आलेल्या पीएच.डी.च्या प्रबंधात मात्र मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यातला पैशाचा व्यवहार कसा घडत गेला, एवढेच विचारले आहे. त्यातले टप्पे बघा. १८७१-७२ पासून प्रांतांना ठोक रकमा नेमून दिल्या जात. १८७७-७८ पासून काही महसुलाच्या बाबीच प्रांतांच्या हवाली झाल्या. १८८२-८३ पासून १९२०-२१ पर्यंत महसूल दोघांत वाटून घेतला जाई. ही साले गोल आकड्यांची नाहीत. पैसे देण्याची रीत जिथे बदलली तिथे टप्पा बदलला. म्हणजे कालखंड प्रश्नातून आला. आपल्याकडे ‘१९६० ते २०१०’ हा कालखंड येतो कुठून? १ मे १९६० ला राज्य झाले म्हणून सुरुवात आणि पन्नास वर्षे भरली म्हणून शेवट. राज्य झाल्याने तुमच्या विषयात काही बदलले का, हे कोणी विचारत नाही. बदलले नसेल तर ते साल तिथे कशाला?

जाता जाता. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा आंबेडकरांचा लंडनचा प्रबंध १९२३ मध्ये निघाला, तेव्हा त्याला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. लेखकाची बरीच मते आपल्याला मान्य नाहीत, असे त्यांनी त्या प्रस्तावनेतच सांगून टाकले. प्रश्न स्पष्ट असला की मार्गदर्शकालाही मतभेद परवडतो. आपल्याकडच्या प्रमाणपत्रवजा प्रस्तावना वाचताना कॅननसाहेबांची आठवण होते.

आंबेडकरांनी ज्यांची व्याख्या तपासली ते श्रीधर व्यंकटेश केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड उभे करणारा हा माणूस. जगातला कुठलाही विषय त्याला वर्ज्य नव्हता. पण अमेरिकेत कॉर्नेलला असताना १९०९ मध्ये त्याने काढलेल्या ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’चे लांबलचक उपशीर्षक वाचले की कळते, साऱ्या जातींचा सारा इतिहास तिथे नाहीच. इसवीच्या तिसऱ्या शतकातल्या समाजाबद्दल मनुस्मृती काय साक्ष देते आणि ती साक्ष किती धरायची, एवढाच कज्जा आहे. कोश लिहिताना अफाट व्हावे आणि प्रबंध लिहिताना एका साक्षीदाराची उलटतपासणी करावी, हा विवेक केतकरांना होता.

तिसरे नाव इरावती कर्वे यांचे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. हे फिशर वंशशास्त्राचे मोठे प्रस्थ, पुढे नाझींच्या वंशधोरणाला त्यांचा उघड आधार मिळाला. कर्व्यांच्या वाट्याला काम आले ते माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू सारखी नसते त्याचे. ही असमानता वंशावर अवलंबून असते का, हा त्यातला कळीचा मुद्दा. कवट्या मोजायच्या, आकडे लावायचे, वंशावंशांत फरक दिसतो का ते पाहायचे. फरक दिसला नाही. गुरूला आवडणारे उत्तर कोणते हे ठाऊक असूनही या बाईंनी आकड्यांनी दिलेले उत्तर लिहिले. त्यांच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. मला इथे प्रश्नाच्या बांधणीकडे लक्ष वेधायचे आहे. ‘नाही’ असे उत्तर येण्याची सोय त्या प्रश्नात होती. ‘मानवी कवटी : एक मानवशास्त्रीय अभ्यास’ असा विषय घेतला असता तर फिशरना खोटे ठरवायला जागाच राहिली नसती.

या पुस्तिकेचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर हेच : कोणता कागद, कोणता आकडा, कोणता माणूस तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकतो, हे ज्या दिवशी कळते त्या दिवशी विषयाचा प्रश्न होतो. आणि ते टेबलाशी बसून शीर्षकातले शब्द खालीवर करून कळत नाही. कागदापाशी जावे लागते.

उदाहरण म्हणून दुष्काळ घेऊ. ‘महाराष्ट्रातील दुष्काळ’ हा दरवर्षी कोणीतरी निवडतोच असा विषय. वाचायला घेतले की १९७२ चा दुष्काळ येतो, मिलो आणि सुकडी येते, मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर असलेले सुमारे ५० लाख मजूर येतात, वि. स. पागे आणि रोजगार हमी योजना येते, १९७७ चा कायदा आणि २६ जानेवारी १९७९ पासूनचा त्याचा अंमल येतो. सगळे महत्त्वाचे, पण सगळे लिहून झालेले. विद्यार्थिनी गांगरते, कारण पुढे काय विचारायचे ते या साहित्यात सापडत नाही.

तिला तहसील कचेरीत पाठवावे. तिथे पैसेवारीचे तक्ते असतात. गावातल्या पिकाचे उत्पन्न नेहमीच्या मानाने किती आले, हे रुपयाला किती पैसे अशा हिशेबाने सांगायची महसूल खात्याची ही जुनी रीत. पूर्वी हिशेब आण्यांत होई, म्हणून म्हातारी माणसे अजून आणेवारीच म्हणतात. पैसेवारी ५० च्या आत आली की टंचाईच्या सवलती : जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. खरिपाची पैसेवारी एकदाच लागत नाही. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि पीक कापणी प्रयोग झाल्यावर डिसेंबरात अंतिम.

आता समजा एका गावापुढे नजर पैसेवारी ४८ लिहिली आहे आणि अंतिम ५३. पाच पैशांचा फरक. शेतात काय झाले असेल? परतीचा पाऊस चांगला झाला का? की ज्या शेतात कापणी प्रयोग झाला ते विहीर बागायतीचे होते? शेजारच्या गावात उलट घडले का, ५२ चे ४७? तालुक्यातल्या सगळ्या गावांची दहा वर्षांची ही दोन रकान्यांची वही झाली की विद्यार्थिनीला विचारता येते : या तालुक्यात पन्नासाची रेघ ओलांडणारे बदल बहुधा कोणत्या दिशेने होतात आणि ते पावसाच्या आकड्यांशी जुळतात का? हा प्रश्न आहे. ‘बदलांना काही दिशा नाही, ते पावसाप्रमाणेच आहेत’ हे त्याचे उत्तर येऊ शकते, आणि तेही सांगण्यासारखे उत्तर आहे. साधन कुठल्या कपाटात आहे, ते मागायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज लागेल की साहेबांशी बोलून भागेल, एवढेही तिला आता ठाऊक असते.

त्याच वहीतून आणखी एक वाट निघते. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर दुष्काळ ठरवण्याची रीत पालटली. पर्जन्यमान, पेरणी, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, भूजल असे निर्देशांक आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो या नव्या रीतीने. त्या यादीत न आलेल्या एखाद्या शेजारच्या तालुक्यात पन्नासच्या आतली गावे किती होती? दुष्काळाचे एकक गावावरून तालुक्यावर गेले तेव्हा कोण सुटले? ‘महाराष्ट्रातील दुष्काळ’ या विषयाची जिल्हावार कितीही काटछाट केली असती तरी हा प्रश्न हाती आला नसता. तो तक्त्यातून आला.

इतिहासवाल्यांची अडचण वेगळी असते. ‘पेशवेकालीन स्त्रीजीवन’ घेऊन आलेल्या मुलाला पहिल्यांदा विचारावे, मोडी येते का? येत नसेल तर आधी शिकावी. पुण्याच्या पुराभिलेखागारातला पेशवे दप्तराचा डोंगर देवनागरीत नाही. गो. स. सरदेसायांनी निवडून छापलेले ४५ खंड हा त्या डोंगराचा एक खडक. मोडी वाचता येऊ लागली की ‘स्त्रीजीवन’ आपोआप विरघळते आणि कागदांचे प्रकार दिसू लागतात : महजर, निवाडपत्र, यादी, जमाखर्च. मग विचारता येते, वतनदार नवरा वारल्यावर भाऊबंदांनी विधवेच्या हक्काला हरकत घेतली, तर निवाडा कोणत्या पुराव्यावर होत असे? गोतातल्या साक्षींवर की जुन्या सनदेवर? वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचे आपले पुस्तक (१९५३) अशाच कागदांवर उभे केले आहे. ते वाचल्यावर आपला प्रश्न कुठून पुढे जातो तेही कळते.

मराठी विभागातल्या मित्रांना वाटते, हे सारे समाजशास्त्रवाल्यांसाठी. आमच्याकडे कसला आलाय आकडा आणि तक्ता. पण पुस्तक हेही साधनच. ‘ग्रामीण कादंबरी’ बाजूला ठेवून तीन कादंबऱ्यांची पहिली दहा-दहा पाने शेजारी ठेवावीत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५), उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०), आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१). ‘धग’मध्ये माणसे वऱ्हाडीत बोलतात, निवेदक मात्र प्रमाण मराठीत सांगतो. ‘गोतावळा’त सांगणारा सालगडी नारबाच आहे आणि तो सुरुवातीपासून आपल्याच बोलीत सांगतो. निवेदन बोलीत आल्यावर कथनात काय शक्य झाले आणि काय अशक्य होऊन बसले? सालगड्याला ठाऊक नसलेली गोष्ट वाचकाला सांगायची तर आता कशी सांगणार? या प्रश्नाचे उत्तर पानापानावर तपासता येते आणि खोटेही पडू शकते. ‘समाजचित्रण’ खोटे पडू शकत नाही, म्हणून ते लिहायला सोपे आणि वाचायला कंटाळवाणे.

यावर नेहमीचा आक्षेप ठरलेला असतो : ‘एवढ्याशा गोष्टीवर पीएच.डी. होते का?’ तो घरचे घेतात, सहकारी घेतात आणि कधी कधी संशोधन मान्यता समितीतही कोणी घेतो. विषय मोठा म्हणजे संशोधक मोठा, हा आपल्या शैक्षणिक जगातला हट्टी गैरसमज आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे. नोकरी, घर आणि परीक्षेच्या ड्युट्या सांभाळून त्या वर्षांत एका तालुक्याची पैसेवारी नीट होते. महाराष्ट्राचा दुष्काळ होत नाही. होतो तो दुसऱ्यांच्या पुस्तकांचा गोषवारा.

कागदोपत्री अडचणही खरी आहे. एकदा मंजूर झालेले शीर्षक बदलायचे तर अर्ज, शिफारस, पुन्हा समिती. माझा सल्ला असा की शीर्षक थोडे सैल ठेवावे आणि प्रश्न सिनॉप्सिसमधल्या ‘संशोधन समस्या’ या मथळ्याखाली धारदार लिहावा. पुढे साधने पाहून प्रश्न सरकला तरी शीर्षकाच्या आत राहतो. गृहीतकांच्या रकान्यात ‘बचत गटांमुळे सक्षमीकरण होते’ छापाची वाक्ये मात्र कृपा करून लिहू नयेत. जे खोटे ठरले तर तुम्हाला आश्चर्य वाटेल तेच गृहीतक. आणि गाईडने ते खोडले तर वाद घालावा. चांगला गाईड अशा वादाची वाट पाहत असतो.

पुढच्या प्रकरणांत अर्थशास्त्र, इतिहास, साहित्य आणि शिक्षणशास्त्र यांतले काही विषय घेऊन त्यांचे प्रश्न होईपर्यंतचे खर्डे खाडाखोडीसकट दिले आहेत. शिक्षणशास्त्राचा भाग त्यामानाने त्रोटक राहिला आहे. ज्यांच्या सिनॉप्सिसची तारीख आठवड्यावर आली आहे त्यांनी साधनांची यादी कशी करावी ते सांगणारे तिसरे प्रकरण आधी उघडावे. ज्यांच्याजवळ वेळ आहे त्यांनी हे पुस्तक आत्ताच मिटावे, तहसील कचेरीत, पुराभिलेखागारात किंवा कादंबऱ्यांच्या कपाटापाशी चार दिवस काढून यावेत आणि मग पहिल्या प्रकरणापासून वाचायला लागावे.